गंधकाचा वायू आणि नाडीचा वेग

जानेवारी-फेब्रुवारीत नाशिकच्या दिंडोरी-निफाड पट्ट्यात वाइनची द्राक्षे खुडली जातात आणि वायनरीतल्या स्टीलच्या टाक्यांत रस आंबू लागतो. तेव्हा वाइनमेकरचे नाक एकाच वासाच्या मागावर असते: कुजक्या अंड्याच्या. रसात नायट्रोजन कमी पडला की यीस्ट हायड्रोजन सल्फाइड सोडते. भुरीसाठी वेलींवर धुरळलेले गंधक रसात उतरले तरी तीच गत. वेळीच डायअमोनियम फॉस्फेट घातले तर निभावते. उशीर झाला की तांब्याचा उतारा द्यावा लागतो.

हाच वायू सेप्टिक टँकमध्ये माणसे मारतो. हवेच्या दहा लाख भागांत तो शंभराच्या घरात गेला की नाक बधिर होते आणि धोका टळल्यासारखे वाटते.

असा हा वायू आपले शरीर स्वतःच बनवते, अर्थात अगदी किंचित. सिस्टीन या अमिनो आम्लापासून काही एन्झाइम तो तयार करतात. तो पेशींचा निरोप्या असावा, ही कल्पना १९९६ मध्ये काझुहो आबे आणि हिदेओ किमुरा या जपानी शास्त्रज्ञांनी मेंदूवरील संशोधनातून मांडली. दोनच वर्षांनी नायट्रिक ऑक्साइडवरच्या कामाला नोबेल मिळाले आणि वायूही निरोप पोहोचवतात यावर शिक्कामोर्तब झाले.

हा निरोप्या हृदयाच्या लयीतही हात घालतो का? हृदयाचा ठोका सुरू होतो उजव्या कर्णिकेतल्या सायनस नोडमध्ये. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी त्याचे वर्णन १९०७ साली केले. इथल्या पेशींना बाहेरून हुकूम लागत नाही. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात त्यांच्यातला विद्युतदाब आपोआप चढत जातो आणि ठरावीक पातळी गाठली की ठोका पडतो. ही चढण जितकी संथ, तितकी नाडी मंद.

२००८ मध्ये चिनी संशोधकांनी सशाच्या नोडला या वायूचा क्षार दिला. मात्रा वाढवत नेली तशी चढण संथ झाली, ठोके घटले. मग त्यांनी वाटा बंद करून पाहिल्या. सिझियमने या चढणीला हातभार लावणारा पेसमेकर प्रवाह रोखला, तरी वायूचा परिणाम तसाच राहिला. ग्लिबेनक्लामाइड दिले मात्र, आणि परिणाम थांबला. हे मधुमेहाचे जुने, ओळखीचे औषध पेशीतली पोटॅशियमची ठरावीक दारे बंद करते. म्हणजे वायू तीच दारे उघडत असणार. पोटॅशियम बाहेर निसटला की दाब चढायला वेळ लागतो.

खरी मेख पुढच्या निष्कर्षात आहे. वायू बनवणारे एक प्रमुख एन्झाइम बंद केले, तरी नोडच्या लयीत फरक पडला नाही. एरवीची लय या एन्झाइमच्या वायूवर चालत नसावी.

लसणाचे गुण गाणाऱ्यांनी इथे जरा थबकावे. लसणातल्या गंधकयुक्त द्रव्यांपासून तांबड्या पेशी हायड्रोजन सल्फाइड बनवतात, हे २००७ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या गटाने दाखवले, ते खरेच. पण त्या प्रयोगात सैलावल्या त्या रक्तवाहिन्या. सायनस नोड त्यात नव्हताच.