मुंगसाचं पिल्लू घरात पाळावं का?

सरपणाचा ढीग उपसताना किंवा बांधावरचं गवत कापताना कधीकधी मुंगसाचं पिल्लू सापडतं. पोरं हरखून जातात. फडक्यात गुंडाळून घरी आणतात आणि म्हणतात, "आई, पाळूया ना! मग घरात साप येणार नाही." आपल्यालाही ते पटतं. पाळण्यातल्या बाळाला सापापासून वाचवणाऱ्या मुंगसाची पंचतंत्रातली गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. आज आपण बोलू, ते पिल्लू घरात ठेवावं की नाही.

मोबाईलवर परदेशातल्या बायका मुंगसासारखाच लांबुडका प्राणी मांडीवर खेळवताना दिसतात. ते मुंगूस नव्हे. तो फेरेट. युरोपातल्या लोकांनी दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी बिळातले ससे हुसकायला तो पाळायला सुरुवात केली. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या तो माणसाजवळच वाढला, जशी आपली शेळी नि कोंबडी. मुंगसाचं तसं नाही. लहानपणी आणलं तर ते आपल्याला सरावतं, पण त्याची जात रानटीच राहते. सरावलेलं जनावर आणि पाळीव जनावर यांत फरक आहे.

हा फरक पिल्लू मोठं झालं की कळतो. काल हातावर खेळणारं पिल्लू आज धरायला गेलं की चावतं. घरात जागोजागी वास सोडतं. कोंबडीचं पिल्लू दिसलं की झडप घालतं, कारण ते त्याचं खाणंच आहे. त्यात त्याचा दोष नाही. बांधून घातलं तर दोरी कुरतडतं, स्वतःला जखमा करून घेतं.

आणि साप? मुंगूस साप मारतं हे खरं. ते चपळ असतं, अंगावरचे केस फुलवतं, आणि नागाच्या विषाचा त्याच्या नसांवर आपल्याइतका परिणाम होत नाही. पण ते राखण करत नाही. उंदीर, सरडे, किडे, अंडी, पडलेली फळं, जे सहज मिळेल ते खातं. सापापासून जपायचं तर घराजवळ अडगळ साठू देऊ नये, सांडलेलं धान्य झाडून घ्यावं म्हणजे उंदीर येत नाहीत, आणि रात्री बॅटरी घेऊनच बाहेर पडावं.

सर्वांत मोठी गोष्ट चावण्याची. मुंगसाला पिसाळण्याचा रोग, म्हणजे रेबीज, होऊ शकतो. पाळलेलं कुत्रं चावलं तर डॉक्टर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगतात. मुंगसाच्या बाबतीत तशी वाट पाहायची नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. लगेच सरकारी दवाखाना गाठायचा आणि डॉक्टर सांगतील तेवढी सगळी इंजेक्शनं पुरी करायची. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून "एवढंसं तर खरचटलंय" असं म्हणून घरी बसू नका.

कायदाही लक्षात ठेवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुंगूस पकडणं, पाळणं, विकणं, मारणं हा गुन्हा आहे. त्यासाठी दंड आणि तुरुंगवास होऊ शकतो. रंगाच्या ब्रशसाठी केस हवेत म्हणून मुंगसं मारली जातात. कुणी गावात केस विकत घ्यायला आलं तर बळी पडू नका.

मग पिल्लू सापडलं तर काय करायचं? आधी हात लावू नका. आई बहुतेक जवळपासच असते. कुत्री आणि पोरं लांब ठेवा, आपणही बाजूला व्हा. ती पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. आई मेलेली दिसली किंवा पिल्लू जखमी असलं तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, नाहीतर गावच्या वनरक्षकाला कळवा. त्यांची माणसं येईपर्यंत पिल्लावर हवा लागेल असं खोकं पालथं घाला. गाईचं दूध पाजू नका, त्याने जुलाब लागतात.

कोंबड्यांची काळजी मात्र आपणच घ्यायची. खुराड्याची जाळी बारीक भोकांची हवी आणि हातभर जमिनीत गाडलेली हवी, कारण मुंगूस उकरून आत शिरतं. ते दिवसा फिरतं, म्हणून लहान पिल्लं दिवसाही डालग्याखाली ठेवा. अंडी वेळेवर उचला.

मैत्रिणींनो, बांधावरचं मुंगूस आपल्या शेतातले उंदीर खातं, तेही फुकट. त्याला बांधावरच राहू द्या. पोरांना दाखवा, पण लांबून. पुढच्या बैठकीत हे सगळ्यांना जरूर सांगा.