डिझाइनच्या वर्गात पंडवानी

डिझाइनच्या विद्यार्थ्याला कथाकथन शिकवायचे म्हटले, की बहुतेकांना सादरीकरण आठवते: आराखडा झाला, आता तो ग्राहकापुढे रंगवून मांडायचा. खरे तर कथा आराखड्याच्या आधी यायला हवी. वस्तू कोण वापरणार, कुठे, कशा घाईत, हे तिच्यातून कळते. रायपूरजवळच्या अभनपूरचेच घ्या. जुनी नॅरोगेज गेली आणि 30 मार्च 2025 रोजी अभनपूर–रायपूर मेमू गाडी सुरू झाली. अशा स्थानकासाठी फलक करायला सांगितला, तर विद्यार्थी आधी रंग आणि अक्षरे निवडतो. पण वाचता न येणाऱ्या, डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या बाईची सकाळ त्याला क्रमाने सांगायला लावली, तर ती कुठे थबकेल, कोणाला विचारेल, हे त्याला शोधावेच लागते. कदाचित फलकापेक्षा चित्रखूण आणि स्पष्ट उद्घोषणा तिच्या जास्त उपयोगाची, हेही तेव्हाच ध्यानात येते.

अशा कथनाचे धडे छत्तीसगडच्या पंडवानीत, म्हणजे महाभारताच्या कथा गाऊन सांगण्याच्या लोककलेत, तयार आहेत. गनियारीच्या पंडवानी गायिका तीजनबाईंना 2019 मध्ये पद्मविभूषण मिळाला. त्यांच्या हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होई, क्षणात अर्जुनाचे धनुष्य. साधन एक, पण प्रसंगागणिक त्याचा अर्थ नवा. कमी साधनांत नेमके सांगण्याचा याहून चांगला पाठ कोणता? शेजारी बसलेला साथीदार, म्हणजे रागी, हुंकार देतो, मधेच प्रश्न विचारतो. म्हणजे ऐकणाऱ्याची शंका कथनातच सामावलेली असते. डिझाइनच्या वर्गातही प्रत्येक कथेला असा एक रागी हवा.

यावर रास्त आक्षेप आहे. गोड गोष्ट वाईट वस्तूही खपवते, आणि कल्पनेतली बाई खऱ्या बाईची जागा घेऊ शकते. म्हणूनच कथा प्रत्यक्ष निरीक्षणातून यावी आणि नंतर त्या प्रवाशांनाच ऐकवून तपासावी. दुसरा आक्षेप वेळेचा: साहित्य, यंत्रे, रेखाटन शिकवायलाच तास पुरत नाहीत. पण चुकीच्या गरजेसाठी केलेले सुबक रेखाटन त्याहून अधिक वेळ खाते. तेव्हा गुण सांगण्याच्या लकबीला देऊ नयेत. कथा ऐकल्यावर आराखड्यात काय बदलले, हे विद्यार्थ्याने दाखवावे आणि त्यावर गुण मिळावेत. काहीच बदलले नसेल, तर त्याने अजून कोणाचे ऐकलेले नाही.