फळभाज्यांची साठवण

हंगामात टोमॅटो कवडीमोल होतात. पुढे तेच महाग घ्यावे लागतात. फ्रान्समधील निकोला आपेर याने १८१० साली अन्न बाटलीत हवाबंद करून उकळत्या पाण्यात तापविण्याची रीत प्रसिद्ध केली. परंतु बॉट्युलिझम या प्राणघातक विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू १०० अंशांवरही तगतात व हवाबंद बाटलीत वाढतात. पुरेशा आंबट पदार्थात मात्र त्यांची वाढ होत नाही. म्हणून टोमॅटोच्या लिटरभर रसात अर्धा चहाचा चमचा सायट्रिक आम्ल घालावे व गच्च झाकणाच्या बाटल्या पाण्यात पूर्ण बुडवून ४५ मिनिटे उकळाव्यात. गवार, भेंडी, वाटाणा बाटलीत भरू नयेत. उन्हात कडकडीत वाळवावेत. झाकण फुगलेले दिसल्यास पदार्थ चाखूनही पाहू नये. शिक्षकांनी हा भेद मुलांमार्फत घरोघर पोचवावा.