सुखाचा अपूर्णांक

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा-गोंदियाकडे, वाटेत भेटलेल्या माणसाला ‘कसं काय भाऊ?’ असे विचारले की उत्तर येते, ‘बरं आहे जी.’ ‘मी फार सुखात आहे’ असे सहसा कोणी म्हणत नाही. बरं आहे, म्हणजे घरात कोणी आजारी नाही, धान पाण्याविना वाळलेले नाही, उसनवारीवाला दारात उभा नाही. आर्थर शोपेनहॉवर या जर्मन तत्त्वज्ञाने सुखाविषयी जे सांगितले, ते या उत्तरात बरेचसे आलेले आहे.

शोपेनहॉवरचा जन्म १७८८ चा, मृत्यू १८६० चा. दुःखवादी म्हणूनच जग त्याला ओळखते. त्याचे म्हणणे असे, की आपल्याला प्रत्यक्ष जाणवते ते दुःख. सुख म्हणजे दुःख थांबल्याची खूण, एवढेच. सगळे अंग ठणठणीत असते तेव्हा अंगाची आठवण येत नाही. जोडा एका ठिकाणी चावला, की सारे लक्ष तिथेच जाते. माणसाच्या मुळाशी एक आंधळी इच्छा आहे. ती पुरी झाली नाही तर दुःख, आणि झाली तर थोड्याच वेळात कंटाळा. घड्याळाच्या लंबकासारखे आयुष्य या दोन टोकांत हेलकावे खाते. मध्यमवर्गाच्या आयुष्यात आठवड्याचे सहा दिवस म्हणजे विवंचना आणि रविवार म्हणजे कंटाळा, असेही त्याने लिहिले आहे. रविवारची पुरवणी हाती घेणाऱ्यांनी ते मनावर घेऊ नये!

हा माणूस आपल्याला अगदी परका नाही. बादशहा शहाजहानचा थोरला मुलगा दारा शुकोह याने १६५७ मध्ये काशीच्या पंडितांच्या मदतीने उपनिषदांचे फारसीत भाषांतर करविले. त्या फारसीवरून अँकेतील द्युपेराँ या फ्रेंच पंडिताने लॅटिन भाषांतर केले आणि ते १८०१-०२ मध्ये छापले गेले. हाच लॅटिन ग्रंथ शोपेनहॉवरने आयुष्यभर उशाशी ठेवला. त्याने आपल्या कुत्र्याचे नावदेखील ‘आत्मा’ ठेवले होते. काशीचा विचार फारसीची होडी करून युरोपात उतरला, तो असा.

आणि तिथून तो परत मराठीतही आला. लोकमान्य टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले. १९१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यातल्या ‘सुखदुःखविवेक’ या प्रकरणात शोपेनहॉवरची गाठ पडते. टिळक पडले गणिताचे माणूस. त्यांनी त्याचा विचार अपूर्णांकात मांडून दाखविला आहे. वर अंशाच्या जागी मिळालेले सुख, खाली छेदाच्या जागी सुखाची इच्छा. पण हा अपूर्णांक विचित्र आहे. अंश वाढला, की छेद त्याहून जास्त वाढतो.

आपल्या बांधीतले उदाहरण घेऊ. वीस पोती धानाची आशा होती, पंधरा झाली. समाधान पाऊण. पुढल्या वर्षी अठरा झाली. पण दरम्यान शेजाऱ्याचे पीक पाहून आशा तीसवर गेली होती. पंधराची अठरा होऊनही समाधान निम्म्याच्या जरा वर येऊन थांबले. पोती वाढली, सुख घटले. टीव्ही, मोटारसायकल, मोबाईल, मुलांची फी, यांचा हिशेब ज्याने त्याने करून पाहावा.

मग उपाय काय? शोपेनहॉवर म्हणतो, छेद कमी करा. संपत्ती समुद्राच्या पाण्यासारखी आहे, जितके प्यावे तितकी तहान वाढते. माणूस काय आहे, त्याच्याजवळ काय आहे आणि लोक त्याला काय समजतात, या तीन गोष्टींपैकी पहिलीवरच सुख सर्वांत जास्त अवलंबून असते, असे त्याने १८५१ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर सांगितले. अखेरची वाट तर त्याच्या मते इच्छाच मावळण्याची.

इथे टिळक त्याची सोबत सोडतात. संसारात दुःख जास्त आहे, हे ते फारसे नाकारत नाहीत. म्हणून काम सोडून बसावे, हे मात्र त्यांना मान्य नाही. असंतोष हे ऐश्वर्याचे मूळ आहे, हे महाभारतातले वचन ते पुढे ठेवतात. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने ज्यांना हिंदी असंतोषाचे जनक म्हटले, ते हे टिळक. सहा वर्षांची शिक्षा भोगताना ते सुखदुःखाचा हिशेब लिहीत होते. त्यांचे सांगणे असे, की इच्छा आणि काम दोन्ही सोडू नका. सोडायची ती फळाची आसक्ती.

हे समजायला आमच्याकडचे तलाव पुरेसे आहेत. सानगडीला किल्ला आहे, तसा तलावही आहे. भंडारा जिल्हा तर तलावांचा जिल्हा म्हणूनच ओळखला जातो. इथे पाऊस भरपूर पडतो, पण तो चार महिन्यांत वाहून जातो. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी ‘देवाने दिले तेवढे पुरे’ म्हटले असते, तर हे तलाव झालेच नसते. पाण्याच्या बाबतीत ते असमाधानी होते, म्हणून त्यांनी पाळी बांधल्या. त्या बांधणाऱ्यांची नावे आज कोणाला माहीत नाहीत, आणि पाणी अजून धानाला मिळते. फळाची आसक्ती नसलेले काम याहून वेगळे काय असते?

म्हणून ‘समाधानी राहा’ हा उपदेश कोण कोणाला करतो आहे, हे आधी पाहावे. रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकलेली बाई मजुरी वाढवून मागते, तेव्हा बांधावर छत्री घेऊन उभा असलेला माणूस तिला म्हणतो, ‘आहे त्यात समाधान मानावं.’ यात तत्त्वज्ञान कसले? हा तर व्यवहार झाला. शोपेनहॉवरला वडिलांच्या ठेवीवर जगता आले, नोकरीची विवंचना त्याला नव्हती. माणसाजवळ स्वतंत्रपणे जगण्यापुरते असावे, ही गोष्ट तोही मानत होता. ते ज्याच्याजवळ नाही, त्याला छेद कमी करायला सांगणे म्हणजे भुकेल्याला उपवासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे.

शोपेनहॉवरचा अपूर्णांक खरा आहे. तो प्रत्येकाने स्वतःच्या पाटीवर मांडावा, आणि तिथे छेद जरूर कमी करावा. तिसरा मोबाईल, चौथी साडी, शेजाऱ्याहून उंच घर, यातले काय खोडता येईल ते पाहावे. दुसऱ्याच्या पाटीवर लिहायची वेळ आली, तर मात्र त्याचा अंश वाढविण्याला हात लावावा. छेद ज्याचा त्याने बघून घ्यावा.