पन्नास डॉलरचं कव्हर

ब्लू नोट या न्यूयॉर्कच्या छोट्या जॅझ कंपनीची 1956 ते 1967 या काळातली कव्हरं एकत्र मांडून पाहिली, तर आधी नजरेत भरते ती काटकसर. रंग बहुधा दोन. फोटो कृष्णधवल, फार तर त्यावर निळ्या-तांबड्याची एक झाक. उरलेलं सगळं काम अक्षरांचं.

तबकडीच्या कव्हरवर चित्र असावं, ही कल्पनाच तेव्हा फार जुनी नव्हती. कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइसने ती 1940 च्या आसपास रुजवली. त्याआधी तबकड्या साध्या, उदास पुठ्ठ्यात विकल्या जात. ब्लू नोट काढणारा आल्फ्रेड लायन आणि त्याचा भागीदार फ्रान्सिस वुल्फ हे बर्लिनचे बालमित्र. वुल्फ ज्यू होता, 1939 मध्ये नाझी जर्मनीतून निसटून आला. धंदा फोटोग्राफीचा. रूडी व्हॅन गेल्डर हा चष्म्याचे नंबर काढणारा डॉक्टर हॅकेन्सॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करायचा, तिथे वुल्फ फ्लॅश घेऊन वावरायचा. घामेजलेले चेहरे, सिगारेटचा धूर आणि मागे मिट्ट काळोख.

या फोटोंवर कात्री चालवायचा रीड माइल्स. एका कव्हरचे त्याला साधारण पन्नास डॉलर मिळत. त्याला जॅझ फारसं आवडत नसे. तो पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकणारा, भेट मिळालेल्या तबकड्या वाटून टाकणारा. संगीताचा नूर काय आहे हे लायन सांगायचा, त्यावर हा मांडणी बेतायचा. वुल्फने जीव ओतून टिपलेलं कपाळ माइल्स मधोमध कापून टाकी, आणि वुल्फ हळहळे. मला वाटतं, हे परकेपणच कामी आलं. वादकाच्या प्रेमात पडलेला माणूस त्याचं डोकं असं उडवूच शकला नसता.

कोल्ट्रेनच्या ‘ब्लू ट्रेन’चं सगळेच कौतुक करतात, पण ती किमया मुख्यतः फोटोची. माइल्सचा खरा हात दिसतो तो चेहरा मागे सरतो तिथे. सनी क्लार्कच्या ‘कूल स्ट्रटिन’वर (1958) पियानोवादक नाहीच, न्यूयॉर्कच्या फुटपाथवरून टाचा वाजवत निघालेले एका बाईचे पाय तेवढे आहेत. जो हेंडरसनच्या ‘इन अँड आउट’वर अक्षरांनाच बाण फुटतात आणि वादकाचा फोटो जाऊन बसतो आयच्या टिंबात. जॅकी मॅक्लीनच्या ‘इट्स टाइम’वर तर उद्गारचिन्हांचं रान माजलंय, मॅक्लीन एका कोपऱ्यात बारीकसा. ही चलाखी झाली, असं कुणी म्हणेल. असेलही, पण टायपाला ताल धरायला लावणं सोपं नाही, आणि त्याची पुढे झालेली असंख्य अनुकरणं पाहिली की ते चांगलंच कळतं.

एरिक डॉल्फीच्या ‘आउट टू लंच’पाशी (1964) मात्र मी दरवेळी थबकतो. दुकानाच्या दारात ‘परत येतो’ अशी पाटी, तिच्यावर घड्याळ, आणि घड्याळाला दोनाऐवजी सात काटे, सात दिशांना. आत ड्रम, व्हायब्राफोन आणि डॉल्फीचा सॅक्सोफोन वेळेशी जो दांडगा खेळ खेळतात, तो ऐकण्याआधी डोळ्यांना कळतो. ही तबकडी बाजारात यायच्या आधीच, जूनमध्ये, डॉल्फी बर्लिनमध्ये वारला. वय 36. पाटीवरचा विनोद त्यानंतर विनोद राहिला नाही, पण त्याचं श्रेय डिझाइनला देता येणार नाही.

पुढचं थोडक्यात सांगण्याजोगं. कंपनी लिबर्टी रेकॉर्ड्सने विकत घेतली, 1967 मध्ये लायन निवृत्त झाला, 1971 मध्ये वुल्फ गेला. माइल्स लॉस एंजेलिसला जाऊन जाहिरातींचा फोटोग्राफर झाला. हाताशी आता भरपूर पैसा होता, पूर्ण रंग होते. त्याने नॉर्मन रॉकवेलच्या चित्रांसारखे गजबजलेले देखावे उभे केले: वेषभूषा, सामानसुमान, माणसांची दाटी. कारागिरी चोख आहे. पण ब्लू नोटवर तो ज्या कोऱ्या जागेच्या जिवावर खेळायचा, तिला त्या फोटोंत कुठे थाराच नाही.