‘पाइड’ शब्दात लपलेला पक्षी

दोस्तांनो, हॅमेलिनच्या पुंगीवाल्याची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच. त्यानं गावातले उंदीर नदीत नेऊन बुडवले, गावानं ठरलेले पैसे दिले नाहीत, मग स्वारी मुलांनाच घेऊन गेली! जर्मनीतल्या या गावाच्या जुन्या नोंदींत १२८४ हे साल आणि १३० मुलं असा हिशेब सापडतो. पण इंग्रजी पुस्तकात त्याचं नाव काय असतं? ‘पाइड पायपर’. पायपर म्हणजे पुंगीवाला, हे झालं. मग ‘पाइड’ कुठे गेलं? मराठीत येताना ते वाटेतच गळून पडलं की!

ते शोधायला आपल्याला एका पक्ष्याकडे जावं लागेल. मॅगपाय हा कावळ्याच्या भावकीतला, लांब शेपटीचा, काळा-पांढरा पक्षी. युरोपात तो सगळीकडे दिसतो. आपल्याकडे बघायचा तर लडाख गाठायला हवं. पूर्वी इंग्रजीत त्याला नुसतंच ‘पाय’ म्हणत. (आपले चालायचे पाय नव्हेत हं!) ‘मॅग’ हे मार्गारेटचं लाडकं नाव, ते पुढे त्याला चिकटलं. आपण नाही का पोपटाला मिठू म्हणत, तसंच. आता जे या ‘पाय’सारखं दोन रंगांचं, ते ‘पाइड’. म्हणजे ठिपकेदार नव्हे बरं का! ठिगळं लावल्यासारखे मोठमोठे डाग हवेत.

शब्द आधी काळ्या-पांढऱ्यापुरता होता, नंतर कुठल्याही दोन-चार रंगांना चालू लागला. रॉबर्ट ब्राउनिंगची या गोष्टीवरची कविता १८४२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या पुंगीवाल्याचा अंगरखा अर्धा पिवळा, अर्धा लाल आहे!

मराठीत याला शब्द नाही असं मात्र समजू नका. पक्ष्यांचं पुस्तक उघडा. पाइड मैना म्हणजे कवडी मैना. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबून धपकन सूर मारणारा पाइड किंगफिशर, तो कवड्या धीवर. कोकणातल्या झाडीत दिसणारा काळा-पांढरा पाइड हॉर्नबिल हा कवड्या धनेश. आपला चातकसुद्धा इंग्रजीत ‘पाइड कुकू’च आहे. तेव्हा पुंगीवाल्याला ‘कवड्या पुंगीवाला’ म्हणायला काय हरकत? मला तरी ते झकास वाटतं. (कवडीचुंबक मात्र ते गावकरी!)

घोड्यांच्या बाबतीत हाच शब्द ‘पायबाल्ड’ होतो. बाल्ड म्हणजे टकला ना? पण जुन्या इंग्रजीत पांढरा डाग असलेल्यालाही बाल्ड म्हणत. म्हणूनच अमेरिकेचा बाल्ड ईगल टकला नाही. त्याच्या डोक्यावर चांगली पांढरीशुभ्र पिसं असतात. काळा-पांढरा घोडा पायबाल्ड, तांबडा-पांढरा असला तर स्क्यूबाल्ड. आपण दोघांनाही ‘अबलख’ म्हणून मोकळे होतो.

पण हे डाग पडतात तरी कसे? पिल्लू आईच्या पोटात असताना रंग तयार करणाऱ्या पेशी आधी पाठीच्या कण्याच्या रेषेत असतात. तिथून त्या दोन्ही अंगांनी खाली पसरत जातात. पोट, पंजे, कपाळ ही ठिकाणं सर्वांत लांबची. पेशी तिथवर पुरल्या नाहीत, की तो भाग पांढराच राहतो. काळ्या-पांढऱ्या मांजराची पाठ आणि पोट नीट बघा, लगेच पटेल.

माणसातही क्वचित असं होतं. कपाळावरची एक बट आणि कातडीचे काही भाग जन्मापासूनच पांढरे असतात. डॉक्टर त्याला ‘पायबाल्डिझम’ म्हणतात. कोड वेगळं. त्यात आधी असलेल्या रंगपेशी नंतर नाहीशा होतात. यांतलं काहीही शिवल्यानं किंवा एका ताटात जेवल्यानं दुसऱ्याला होत नाही. तरीही अशा मुलाला वर्गात ‘कबऱ्या’ म्हणून चिडवणारे, त्याच्या बाकावर न बसणारे असतातच. तुमच्या वर्गात असं चालत असेल, तर मधल्या सुट्टीत त्याच्याच शेजारी बसा आणि डबा उघडा. त्याच्या डब्यातलंही मागून घ्या.