राहणाऱ्याला वाचता येईल असा नकाशा

घरकुलाचा नकाशा बांधकामाच्या काळात बऱ्याच हातांतून जातो. अभियंता तो तपासतो, ग्रामपंचायतीत तो फायलीला लागतो, गवंडी त्यावरून चुन्याची फक्की मारतो. ज्या बाईला त्या घरात पुढची तीस-चाळीस वर्षं चूल सांभाळायची आहे, तिच्या हातात मात्र तो क्वचितच येतो. आला तरी झेरॉक्सची झेरॉक्स काढलेल्या त्या कागदावरच्या बारीक रेघा आणि मिलिमीटरमधले आकडे तिला काहीच सांगत नाहीत. भिंती उभ्या राहिल्यावर तिला कळतं की पडवी राहिलीच नाही, किंवा मोरीचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाणार आहे. तोवर पाया भरलेला असतो.

गोंदिया जिल्ह्याच्या आग्नेयेला, छत्तीसगडच्या सीमेजवळच्या चिचगड परिसरात हा प्रश्न मोठा आहे, कारण इथलं जुनं घर आणि कागदावरचं नवं घर यांची चाल वेगळी आहे. चिचगड ही एके काळी भंडारा जिल्ह्यातली जमीनदारी. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा झाला, तेव्हा ते देवरी तालुक्यासह नव्या जिल्ह्यात आलं. धानाचा आणि जंगलाचा हा मुलूख. इथल्या घराला मातीच्या जाड भिंती, कवेलूचं उतरतं छप्पर, पुढे ओसरी, बाजूला गुरांचा कोठा, मागे वाडी. धान ठेवायला ढोली हवी, मोहफुलं वाळवायला अंगण हवं. पण प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण घराचं, म्हणजे या घरकुलाचं, किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट. योजना 2016 साली आली तेव्हा त्यातलं ठरलेलं अर्थसाहाय्य सपाट भागात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागांत 1 लाख 30 हजार रुपये होतं. एवढ्या जागेत आणि एवढ्या पैशांत ढोली कुठे बसेल, हे आधी कागदावर दिसलं पाहिजे.

वास्तुकलेच्या महाविद्यालयांत ‘प्रेझेंटेशन ड्रॉइंग’ शिकवतात: रंग, सावल्या, झाडं घालून सजवलेला नकाशा. ही सजावट शहरातल्या बिल्डरांच्या माहितीपत्रकांसाठीच असते, असा समज आहे. माझ्या मते तिची सर्वांत जास्त गरज ग्रामसभेत आहे.

परवानगीसाठीच्या नकाशाला स्वतःची भाषा आहे आणि ती पाळावीच लागते. भूखंडाची हद्द जाड काळ्या रेघेने, अस्तित्वातला रस्ता हिरवा, नियोजित रस्ता तुटक हिरवा, नवं बांधकाम लाल, पाडायचं बांधकाम पिवळ्या तिरप्या रेघांनी, सांडपाण्याची वाहिनी तुटक लाल, पाणीपुरवठ्याची बारीक तुटक काळी. राष्ट्रीय इमारत संहितेपासून ही रंगांची रीत ठरलेली आहे. शहरांत तर आता संगणक प्रणालीच नकाशा तपासते, म्हणून कोणत्या लेअरवर, म्हणजे थरावर, काय काढायचं, त्याचं नावसुद्धा ठरवून दिलेलं असतं. हे सगळं तपासणाऱ्याच्या सोयीचं आहे. राहणाऱ्यासाठी दुसरा कागद लागतो, आणि तो पहिल्याच फायलीतून थोड्या मेहनतीत निघतो.

तो कागद वेळेवर कोणी दाखवला नाही तर काय होतं, हे महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. यातल्या अनेक गावांची आखणी शहरी कॉलनीसारखी झाली: सरळ ओळी, रुंद रस्ते, एकसारखे भूखंड. जुन्या गावातल्या अरुंद गल्ल्या, भावकीने एकत्र असणं, बाहेरच्या नजरेआड असलेलं अंगण यांना त्यात जागा मिळाली नाही, असं नंतर तिथे गेलेल्या अनेक अभ्यासकांनी नोंदवलं. घाई होती, दुःख मोठं होतं, आणि तांत्रिक नकाशा वाचून हरकत घेणं गावकऱ्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. लोकांना वाचता येत नाही अशा नकाशाला मिळालेला होकार मी होकार मानत नाही.

आता प्रत्यक्ष कागदाकडे येऊ. पाच मीटर गुणिले पाच मीटरचं घरकुल घ्या. परवानगीच्या नेहमीच्या 1:100 प्रमाणात ते पाच सेंटिमीटरचा चौकोन होतं, त्यात माणसाला काही दिसत नाही. 1:50 घेतलं की दहा सेंटिमीटरचा चौकोन होतो, ए फोर कागदावर मधोमध बसतो आणि भोवती अंगण, कोठा, वाडी दाखवायला जागा उरते. नऊ इंची विटेची भिंत या प्रमाणात साडेचार मिलिमीटरहून थोडी जाड येते. ती पोकळ दोन रेघांत न ठेवता गडद राखाडी भरून टाका. एवढ्या एका गोष्टीने नकाशा निम्मा वाचता येतो, कारण कुठे भिंत आणि कुठे वाट हे डोळ्याला शोधावं लागत नाही.

त्यानंतर रेघांची जाडी. कापलेल्या भिंतीची कड 0.5 मिलिमीटर, दारं-खिडक्या 0.25, फरशीच्या किंवा कवेलूच्या रेघा 0.13. पूर्वी ही जाडी वेगवेगळ्या पेनांनी साधत, आज ऑटोकॅडमध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या लिब्रेकॅडमध्ये प्रत्येक लेअरला ती देता येते. नवशिक्याचा नकाशा लगेच ओळखू येतो: त्यातल्या सगळ्या रेघा एकाच जाडीच्या असतात. रंग नंतरची गोष्ट आहे. रेघांची जाडी चुकलेल्या नकाशाला कितीही रंग लावला तरी तो सपाटच दिसतो.

रेखाटन पूर्ण झालं की प्रमाण पक्कं करून पीडीएफ काढायची आणि ती रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर सगळ्यांना माहीत आहेत, पण परवाना महाग पडतो. इंकस्केप आणि गिंप ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि घरकुलाच्या कागदाला पुरून उरतात. रेघांचा थर वर कुलूपबंद ठेवायचा, रंगाचा थर खाली. म्हणजे रंग भरताना रेघ बुडत नाही आणि नंतर दार सरकवायचं ठरलं तर सगळं पुन्हा करावं लागत नाही. रंग तीन-चारच घ्यावेत: आतल्या जमिनीला फिकट, अंगणाला मातीचा, वाडीला हिरवा, ओल्या जागांना निळसर. मोरी, न्हाणी आणि शौचालय एकाच निळ्या छटेत दाखवलं की पाणी कुठून कुठे जाणार हा प्रश्न पाहणाऱ्याच्या तोंडी आपोआप येतो.

नकाशाला खरं बोलकं करतं ते त्यातलं सामान. सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या साच्यांत सोफा असतो, सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल असतं, बाथटब असतो. ते सगळं काढून टाका. साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद खाट काढा. 1:50 मध्ये ती साधारण चार सेंटिमीटर लांब होते, आणि दहा सेंटिमीटरच्या घरात चार सेंटिमीटरची खाट ठेवली की दोन खाटा टाकल्यावर उरतं काय, हे शाळेत न गेलेल्या आजीलाही समजतं. चूल काढा, गॅसची शेगडी काढा, पाण्याची घडवंची काढा, ढोली काढा. प्रत्येक वस्तू घरात जाऊन मोजून काढा. विक्रीच्या माहितीपत्रकांत पलंग खऱ्यापेक्षा लहान काढून खोली मोठी दाखवण्याची खोड सर्रास दिसते. ती फसवणूक आहे, आणि 269 चौरस फुटांत ती अक्षम्य आहे.

सावल्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे सौंदर्य आणि माहिती एकत्र येतात. बहुतेक सजवलेल्या नकाशांत उजेड डाव्या वरच्या कोपऱ्यातून येतो आणि सावल्या उजवीकडे खाली पडतात. उत्तर वर असेल तर याचा अर्थ सूर्य वायव्येला आहे. चिचगड साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि तिथे सूर्य वायव्येकडे झुकलेला दिसतो तो फक्त उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्याच्या दिवसांत, दुपार कलल्यावर. म्हणजे ती सावली सुंदर असली तरी वर्षाच्या मोठ्या भागात खोटी असते. खरी सावली काढणं अवघड नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भरदुपारी इथे सूर्य क्षितिजापासून सुमारे 45 अंशांवर असतो, त्यामुळे तीन मीटर उंच भिंतीची सावली उत्तरेकडे जवळजवळ तीन मीटर पडते. मेच्या अखेरच्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो. 21 जूनच्या दुपारी तीच तीन मीटरची भिंत दक्षिणेकडे जेमतेम वीतभरही सावली देत नाही. स्केचअप या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये गावाचं ठिकाण, तारीख आणि वेळ घातली की हे सगळं आपोआप दिसतं. मग एकाच घराचे दोन छोटे नकाशे शेजारी ठेवा, एक डिसेंबरचा आणि एक मे महिन्याच्या दुपारी चारचा. मोहफुलं कुठे वाळतील, थंडीत ऊन कुठे खाता येईल, पश्चिमेची भिंत किती तापेल आणि तिथे पडवी का हवी, यावर मग भाषण द्यावं लागत नाही.

घराच्या बाहेरच्या जागेचा, म्हणजे स्थळाचा नकाशा अजून दुर्लक्षित आहे. त्याला पाया भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीचा हवा. ऑनलाइन दिसणारा गटाचा नकाशा अंदाजाला चालतो, हद्द ठरवायला चालत नाही. गावठाणांच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातल्या सोनोरीत झाला आणि 24 एप्रिल 2020 रोजी देशभरासाठी स्वामित्व योजना जाहीर झाली. ज्या गावांत अशी मोजणी झाली आहे तिथे घराघराची हद्द दाखवणारा चांगला पाया तयार आहे. क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यावर रस्ते, विहीर, हातपंप, बोडी (छोटं तळं), धानाचे बांध असे थर चढवता येतात. उपग्रहावरून मिळणारी उंचीची मोफत माहिती मात्र तीस-तीस मीटरच्या चौकोनांची असते, एका घराच्या जागेला तिचा उपयोग नाही. त्यासाठी गवंड्याची पाण्याने भरलेली पारदर्शक नळीच बरी. चार कोपऱ्यांचे चढ-उतार मोजून नकाशावर उताराचे बाण काढा. वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुलखात नकाशावरचा सर्वांत महत्त्वाचा बाण उत्तरेचा नसून पाण्याचा असतो.

झाडंही खरी काढावीत. साच्यातली गोल हिरवी टिकली कुठेही चिकटवता येते, पण जागेवरचा मोठा मोह आठ-दहा मीटरचा घेर सहज व्यापतो. 1:200 च्या नकाशावर तो चार-पाच सेंटिमीटरचा येतो. तेवढा काढला की घर कुठे सरकवावं लागेल हे लगेच दिसतं आणि झाड वाचतं. अजून न लावलेलं झाड पूर्ण वाढलेलं दाखवायचा मोह टाळावा, किंवा ते तुटक रेघेने दाखवावं.

नकाशा बोलका करण्याच्या बाबतीत आपल्याकडे मोठे गुरू आहेत. पुण्यात जन्मलेल्या वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींच्या इंदूरच्या अरण्य वसाहतीला 1995 मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. दोशींनी आपल्या वास्तूंची लघुचित्रांच्या धाटणीची जी चित्रं केली, त्यांत जिने, झाडं, जनावरं, माणसं एकाच पानावर नांदतात. वरून पाहिलेली जागा आणि समोरून पाहिलेली भिंत ते बिनदिक्कत एकत्र ठेवतात आणि डोळा अजिबात गोंधळत नाही. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांच्या नवी मुंबईतल्या बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये आठ मीटरच्या चौरस अंगणाभोवती सात घरांचा गट आहे. तो गट एकदा नकाशात पाहिला की अख्ख्या वसाहतीची रचना लक्षात राहते. नवी वसाहत मांडताना सगळे भूखंड एकदम अंगावर टाकण्यापेक्षा असा एकच गट मोठा करून दाखवणं जास्त समजतं.

छपाईचे काही साधे नियम इथे फार कामाचे आहेत. कागद शेवटी काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर जाणार हे धरूनच रंग निवडावेत. लाल आणि हिरवा झेरॉक्समध्ये एकाच करड्या रंगाचे होतात, म्हणून एकात तिरप्या रेघा आणि दुसऱ्यात ठिपके द्यावेत. ‘प्रमाण 1:50’ एवढंच लिहून भागत नाही. कागद लहान-मोठा करून छापला की ते खोटं ठरतं, पण सोबत काढलेली फुटांची पट्टी नकाशाबरोबरच लहान-मोठी होते, म्हणून ती हवीच. मापं फूट-इंचात, नावं मराठीत. त्यासाठी युनिकोडचा मंगल किंवा निर्मला टंक वापरावा. जुन्या टंकांत लिहिलेली अक्षरं दुसऱ्या संगणकावर गेली की त्यांचा चुरा होतो. मोबाइलवर पाठवताना चित्र म्हणून न पाठवता पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवावं, नाहीतर 0.13 च्या रेघा वाटेतच विरघळतात.

त्रिमितीय चित्राबद्दल सावध राहावं असं मला वाटतं. वरून, पक्ष्याच्या नजरेने दाखवलेलं गुलाबी आकाशाचं घर सगळ्यांना आवडतं आणि त्यातून कुणीच काही विचारत नाही. दाखवायचंच असेल तर पाच फुटांच्या नजरेने, ओसरीत उभं राहून आत पाहिल्यासारखं एक चित्र पुरे. त्याच्याशेजारी नकाशा हवाच.

ग्रामपंचायतींना आणि घरकुलाच्या अभियंत्यांना माझी विनंती आहे की पहिला हप्ता जमा होण्याआधी प्रत्येक लाभार्थी कुटुंबाच्या हातात असा एक ए फोर कागद द्यावा आणि तो घरातल्या बाईसमोर वाचावा. गोंदियात किंवा नागपुरात वास्तुकला आणि स्थापत्य शिकणाऱ्या मुलामुलींना सुट्टीत गावी आल्यावर हे काम सहज जमेल. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि एक रंगीत प्रत काढायला फार पैसे लागत नाहीत. तुमच्या ओळखीत कुणाचं घरकुल मंजूर झालं असेल, तर फक्की पडण्याआधी त्यांच्यासाठी एवढा एक कागद तयार करून द्या.